अहिराणी गाण्याची कॉपीराइट नोंदणी: अर्ज कोणी करायचा, कागद कोणते, आणि एआय वापरलं असेल तर काय

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की धुळे-जळगावकडच्या स्टुडिओंना उसंत नसते. गौराईची गाणी, झोक्याची गाणी, पुढे श्रावणात कानबाई देवीची. गाणं यूट्यूबवर चढतं आणि काही दिवसांत तेच दुसऱ्या कुणाच्या चॅनलवर वाजायला लागतं. हल्ली तर एआयने आवाज बदलून. मग विचारणा होते, "भाऊ, कॉपीराइट काढायला दिल्लीला जावं लागतं का?"

जावं लागत नाही. अर्ज घरबसल्या होतो. आणि मुळात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क नोंदणीने जन्मत नाही. गाणं लिहिलं, चाल बांधली, त्याच क्षणी तो तुमचा होतो. नोंदणी नसली तरी दावा लावता येतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. तरीही नोंदणी करा असं मी सांगतो. कलम ४८ प्रमाणे नोंदवहीतली नोंद हा कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा असतो. वाद उभा राहिला की तुमच्या हातात काहीतरी असतं.

एक गाणं, चार अर्ज

इथेच बहुतेकांची गल्लत होते. शब्द ही साहित्यकृती, ती गीतकाराची. चाल ही संगीतकृती, ती संगीतकाराची. ध्वनिमुद्रण ज्याने पैसा घालून करवून घेतलं त्या निर्मात्याचं. व्हिडिओ चौथा. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, शुल्कही वेगळं: शब्द आणि चाल प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रण २,००० आणि व्हिडिओ, म्हणजे कायद्याच्या भाषेत चलचित्रपट, ५,००० रुपये. गायकाला कॉपीराइट नसला तरी कलाकार म्हणून कलम ३८ खाली स्वतंत्र हक्क आहे.

अर्ज लेखक, म्हणजे ती कृती घडवणारा (शब्दांचा गीतकार, चालीचा संगीतकार), करू शकतो, मालक करू शकतो किंवा हक्कात हितसंबंध असलेली व्यक्ती करू शकते. मात्र निर्मात्याला शब्दांची नोंदणी स्वतःच्या नावावर हवी असेल तर गीतकाराने ते हक्क लेखी, सही करून दिलेले असले पाहिजेत. तोंडी "दिलं भाऊ तुला" याला कायद्यात किंमत नाही. लिहून देताना मुदत टाकली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणखी एक: २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा त्यांच्याकडून लिहून घेऊनही काढून घेता येत नाही. आपल्याकडे एकरकमी दोन-चार हजार घेऊन गाणं देणाऱ्या पोरांना हे कुणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कागदपत्रं

गाण्याच्या दोन प्रती. अर्जदार आणि लेखक वेगळे असतील तर लेखकाचं ना हरकत पत्र, गाणं आधी प्रसिद्ध झालं असेल आणि प्रकाशक दुसरा असेल तर त्याचंही. अर्ज वकील भरणार असेल तर वकीलपत्र. ओळखीचा पुरावा आणि सहीचा नमुना स्कॅन करून जवळ ठेवा. रेकॉर्डिंगच्या आधीच गीतकार, संगीतकार, गायक यांच्या सह्या घेऊन ठेवल्या तर पुढचे सगळे हेलपाटे वाचतात.

अर्ज भरताना

कॉपीराइट डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडा. अर्जाचा नमुना चौदावा, म्हणजे फॉर्म १४. सोबत तपशिलाचं विवरणपत्र आणि पुढील तपशिलाचं विवरणपत्र. शुल्क भरलं की डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळतो, तो जपून ठेवा. त्यानंतर ३० दिवस हरकतींसाठी थांबतात. हरकत आली नाही तर परीक्षक अर्ज तपासतो. त्रुटी निघाली तर पत्र येतं, त्याला मुदतीत उत्तर द्या. अनेक अर्ज इथेच मरतात, कारण ईमेल कुणी उघडूनच पाहत नाही.

पुढील तपशिलाच्या विवरणपत्रात विचारतात: कृती मूळ आहे, की सार्वजनिक मालकीच्या कृतीचं रूपांतर? कानबाईचं परंपरेचं गाणं असेल तर खरं लिहा. आजीच्या तोंडच्या ओळी कुणाच्याच मालकीच्या नाहीत. तुम्ही केलेली नवी कडवी, नवी बांधणी आणि तुमचं रेकॉर्डिंग, एवढंच तुमचं.

एआय वापरलं असेल तर

लेखकाच्या रकान्यात माणसाचंच नाव घाला. संगणकाने तयार केलेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती करवून घेणारी व्यक्ती, असं कलम २(घ) सांगतं. २०२० मध्ये एका चित्रावर एआयचं नाव सहलेखक म्हणून नोंदलं गेलं होतं, पण नंतर कॉपीराइट कार्यालयाने ती नोंदणी मागे घेण्याची नोटीस काढली. नुसती सूचना टाइप करून मिळालेलं गाणं पूर्ण तुमचं का, यावर भारतात अजून ठाम निकाल नाही. म्हणून कोणते शब्द तुम्ही लिहिले, चाल कुठे बदलली, याच्या कच्च्या प्रती तारखेसह ठेवा.

दुसऱ्या गायकाच्या आवाजाची नक्कल तर करूच नका. अरिजित सिंग यांच्या बाबतीत २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांच्या बाबतीत २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असे एआय आवाज थांबवण्याचे आदेश दिले. फेब्रुवारी २०२६ पासून तर खरा वाटेल असा कृत्रिम आवाज किंवा चेहरा वापरलेल्या मजकुरावर तसं लेबल लावणं माहिती तंत्रज्ञान नियमांनी बंधनकारक आहे.

उलट बाजूने, एआय कंपन्यांनी दुसऱ्यांच्या कृती आपल्या एआयच्या शिकवणीला वापराव्यात का, हा प्रश्न एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्या बातम्यांबाबत २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात नेला. केंद्राच्या समितीने डिसेंबर २०२५ च्या कार्यपत्रिकेत सक्तीचा परवाना आणि हक्कधारकांना रॉयल्टी, असा मार्ग सुचवला. उद्या ते पैसे वाटायची वेळ आलीच, तर कागदावर नाव असलेल्यालाच मागता येतील.

गाणं चोरीला गेलं तर

यूट्यूबसारख्या प्लॅटफॉर्मकडे लेखी तक्रार करा: मूळ गाणं, मालकीचा पुरावा, चोरलेल्या व्हिडिओची लिंक आणि कोर्टात दावा करण्याची हमी. प्लॅटफॉर्मने ३६ तासांत तो व्हिडिओ बंद करायचा असतो, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश दाखवला नाहीत तर तो पुन्हा सुरू होऊ शकतो. म्हणजे तक्रार टाकली त्याच दिवशी वकिलाला भेटा. दावा त्यासाठी मुंबईत लावायची गरज नाही. कलम ६२ प्रमाणे तुम्ही राहता किंवा धंदा करता त्या जिल्ह्याच्या न्यायालयात, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार जिथले असाल तिथेच तो लावता येतो.