संगणकीय द्रायुयामिकी : रासायनिक रिअ‍ॅक्टरमधील उपयोग

द्रव आणि वायू यांच्या प्रवाहाची समीकरणे संगणकावर सोडवून बंद टाकीत किंवा नळीत आत काय चालले आहे, हे पाहण्याचे शास्त्र. कारखान्यात याला सर्रास ‘सीएफडी’ (कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स) म्हणतात. रासायनिक उद्योगात त्याची गरज विशेष भासते ती फिरत्या पात्यांची ढवळणी असलेल्या, अभिक्रिया घडवणाऱ्या टाकीसाठी म्हणजेच रिअ‍ॅक्टरसाठी.

प्रयोगशाळेतल्या चंबूत उत्तम साधलेली अभिक्रिया मोठ्या टाकीत बिघडते, तेव्हा दोष बहुधा रसायनांचा नसतो, मापांचा असतो. टाकीची लांबी-रुंदी-उंची दसपट केली की आकारमान १,००० पट होते, पण उष्णता बाहेर नेणारा पृष्ठभाग १०० पटच वाढतो. मिसळायलाही जास्त वेळ लागतो. अभिक्रिया मिश्रणापेक्षा वेगवान असेल, तर वरून सोडलेला घटक पसरण्याआधीच आहे तिथे पुढची अभिक्रिया करून बसतो आणि नको असलेला उपपदार्थ तयार होतो. जिथे मिश्रण असे मंद होते, ते संथ कोपरे संगणकाने काढलेल्या प्रवाहाच्या चित्रात स्पष्ट दिसतात. अशा वेळी पुरवठ्याची नळी पृष्ठभागावरून काढून पात्यांजवळच्या तीव्र खळबळीत नेली, तर नवी टाकी न घेता माल अधिक शुद्ध मिळू शकतो. एका नळीची जागा बदलून एवढे साधते, यातच या शास्त्राचे खरे मोल आहे.

गणितासाठी टाकीचे लाखो लहान कप्पे पाडतात आणि प्रत्येकात वस्तुमान, संवेग व ऊर्जा यांचा हिशोब जुळवतात. खरी गाठ दाबाची. वेग काढायला दाब लागतो, पण दाबाचे स्वतंत्र समीकरण नसते. ती सोडवणारी ‘सिंपल’ ही रीत सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पाल्डिंग यांनी १९७२ मध्ये मांडली. तिची सुधारित रूपे आजही वापरात आहेत. पाटणकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. पुढे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत ज्येष्ठराज जोशी यांनी आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विवेक रानडे यांनी हे तंत्र रिअ‍ॅक्टरच्या अभ्यासात रुजवले.

चित्र रंगीत असले म्हणून ते खरे ठरत नाही. सहा पात्यांची रश्टन ढवळणी (चकतीवर उभी पाती बसवलेली) आणि चार बॅफल (भिंतीलगतच्या उभ्या पट्ट्या) असलेली टाकी ही नेहमीची कसोटी. खळबळीचा अंदाज बांधणारे प्रचलित के-एप्सिलॉन हे गणिती प्रतिमान तिथला सरासरी वेग बऱ्यापैकी सांगते, पण पात्यांजवळ खळबळीतून होणारा ऊर्जेचा ऱ्हास अनेकदा कमी दाखवते. अतिसूक्ष्म पातळीवरचे मिश्रण याच ऱ्हासावर ठरते. म्हणून नळी हलवण्याआधी लेझरने मोजलेले वेग आणि ढवळणीला प्रत्यक्ष लागणारी शक्ती यांच्याशी उत्तर ताडून घ्यावेच लागते.