शहाबादी आणि कोटा : दोन करड्या दगडांतला फरक

सोलापुरात घर बांधायला काढलेला माणूस फरशीच्या वखारीत गेला, की त्याच्यापुढे दोन दगड शेजारी शेजारी ठेवले जातात. दोन्ही करडे, दोन्ही सपाट, आणि दोन्हींना आपण फरशीच म्हणतो. एकाचा दर कमी असतो, दुसऱ्याचा जास्त, आणि त्यावरून बहुतेक जण मनाशी असा हिशेब बांधतात की शहाबादी म्हणजे स्वस्तातला कोटा आणि कोटा म्हणजे भारीतली शहाबादी. हाताशी पैसे असतील तर कोटा घ्यावा, नसतील तर शहाबादीवर भागवावे. फरशी निवडताना होणाऱ्या बऱ्याच चुकांचे मूळ माझ्या मते या हिशेबात आहे. शहाबादी तिच्या मूळच्या खरखरीत अंगानिशी वापरावी आणि कोटा घासून, गुळगुळीत करून वापरावा, असा या दोन दगडांचा स्वभाव आहे. त्यामुळे घरभर कोणती फरशी घालावी हे ठरवण्याआधी घराच्या कोणत्या भागात पाणी सांडते, कुठे ऊन येते आणि कुठे अनवाणी वावर असतो, हे पाहायला हवे.

जातीने दोन्ही दगड एकच, म्हणजे चुनखडक. पाण्याच्या तळाशी गाळ साठत आणि दबत जाऊन ते तयार झाले, आणि म्हणूनच छिन्नी लावली की ते थराथराने सुटतात. सोलापूरच्या जमिनीतला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेला आहे. त्याला असे थर नाहीत, त्यामुळे पायासाठी आणि भिंतींसाठी तो उत्तम असला तरी त्याच्या पातळ फरश्या सहजी निघत नाहीत. सोलापूरहून कलबुर्गीच्या बाजूला गेले की या लाव्ह्याच्या पसाऱ्याची कड लागते आणि त्याखालचा, त्याहून कितीतरी जुना चुनखडक उघडा पडतो. भूगर्भशास्त्रात या खडकांच्या प्रदेशाला भीमेचे नाव आहे, त्याच भीमेचे जी आपल्या जिल्ह्यातून पुढे तिकडे जाते. कलबुर्गी जिल्ह्यातले शहाबाद सोलापूरपासून लोहमार्गाने सुमारे १४० किलोमीटरवर आहे, आणि मुंबईहून निघालेला तो लोहमार्ग १८७१ मध्ये शहाबादवरूनच रायचूरला पोचला. कोटा मात्र राजस्थानातला. कोटा जिल्ह्यातल्या रामगंज मंडीच्या परिसरात त्याच्या मोठ्या खाणी आहेत, आणि तेथून आपल्याकडे यायला त्याला साधारण हजार किलोमीटरचा प्रवास पडतो. दोन दगडांच्या दरांतल्या फरकात या वाहतुकीचाही वाटा असतो. सगळा फरक प्रतीचाच आहे, असे समजू नये.

ओळखण्यात खरी गफलत होते ती पॉलिश केलेल्या मालात. शहाबादीही यंत्रावर घासून, कडा कापून विकली जाते. शिवाय तेलंगणातल्या तांदूरचा निळसर करडा दगड बाजारात असतोच, आणि हे तीनही चकचकीत करून एका रांगेत उभे केले तर सवयीचा डोळाही फसू शकतो. आमच्या घराच्या वेळी कोटा म्हणून सांगितलेल्या मालात बऱ्याच फरश्या दुसऱ्याच दगडाच्या निघाल्या, आणि हे आमच्या लक्षात आले तेव्हा दिवाणखाना पूर्ण बसून झाला होता. पहिल्यांदा ओल्या फडक्याने पुसल्यावर निम्मी खोली हिरवट आणि निम्मी शाईसारखी करडी दिसू लागली. फरक पाहण्याची सर्वांत सोपी रीत तीच आहे. नेहमीचा कोटा ओला झाला की त्यात हिरवट झाक उमटते, शहाबादी ओली झाली की पाटीसारखी गडद करडी होते. वखारीत जाताना पाण्याची बाटली आणि जुने फडके बरोबर न्यावे, फरशी सावलीतून उन्हात आणून भिजवावी आणि मगच हो म्हणावे. कोट्यात तपकिरी रंगही येतो, तोही याच पद्धतीने एकसारखा आहे का ते पाहता येते. फरशी उभी धरून नाण्याने वाजवून पाहावी. खणखणीत आवाज आला तर दगड सलग आहे, बद्द आवाज आला तर आत कुठेतरी थर सुटलेला किंवा चीर गेलेली असण्याचा संभव असतो. लिंबाचा रस टाकून पाहण्याचा सल्लाही काही जण देतात. त्याने चुनखडक आणि ग्रॅनाइट यांतला फरक कळतो, पण शहाबादी आणि कोटा यांतला कळत नाही, कारण लिंबू दोघांनाही सारखेच खाते.

आता गुणांकडे वळू. कोट्याचा कण बारीक आणि बांधा घट्ट असतो, म्हणून तो पॉलिश चांगले घेतो आणि ते टिकवतोही. शहाबादीत खाणीखाणीनुसार, एकाच खाणीतल्या थराथरानुसारही फरक पडतो. काही माल अगदी टणक असतो, तर काही पाणी आणि तेल लवकर पितो. आपल्या घरांत याचा अनुभव जेवणाच्या जागी येतो. शेंगाचटणीवर ओतलेल्या तेलाचा थेंब पॉलिश केलेल्या कोट्यावर पडला तर वेळेवर पुसल्यास निघून जातो; न घासलेल्या शहाबादीवर तोच थेंब काही वेळात आत मुरतो आणि रुपयाएवढा काळपट डाग धरतो, जो सोड्याने घासूनही पुरता जात नाही. दगडात मुरणारे सीलर लावल्यास डाग कमी पडतात, परंतु ते काही वर्षांनी पुन्हा लावावे लागते. स्वयंपाकघरासाठी मी शहाबादी सुचवत नाही त्याचे मुख्य कारण हेच आहे.

पाण्याच्या जागी मात्र पारडे उलटे फिरते. न्हाणीघर, मोरी, मागचे अंगण, टाकीखालचा भाग, बाहेरच्या पायऱ्या या ठिकाणी थरावरून फुटलेली, न घासलेली शहाबादी पायाला धरते. तिच्या अंगावरचे बारीक चढउतार हातानेच पाहावेत: तळवा फिरवला की ते लहान लाटांसारखे जाणवतात, आणि ओल्या पायाला आधार मिळतो तो त्यांच्यामुळे. आरशासारखे पॉलिश केलेला कोटा साबणाच्या पाण्यात अतिशय निसरडा होतो. घरात म्हातारी माणसे असताना केवळ दिसायला छान म्हणून न्हाणीघरात तसा कोटा घालणे मला धोक्याचे वाटते, आणि कुणी विचारले तर मी हे आग्रहाने सांगतो. उघड्यावर सतत ऊन आणि पाऊस घेणाऱ्या कोट्याची चकाकी जाऊन तो पांढुरका पडतो. शहाबादीही पांढुरकी पडते, पण तिच्यावर जायला चकाकी नसते, म्हणून ती वाईट दिसत नाही.

आम्लाचा नियम दोन्हींना लागू आहे आणि तो नीट समजून घेणे अगत्याचे आहे. चुनखडकातल्या कॅल्शियम कार्बोनेटवर आम्ल पडले की ते विरघळते. आमच्या ओट्याखाली कोट्यावर एक गोल आहे. चिंचेचा कोळ ठेवलेले पातेले रात्रभर तेथे राहिले होते, त्याच्या बुडाला लागलेला कोळ खाली उतरला आणि सकाळी तेवढ्या कड्याचे पॉलिश गेलेले होते. अजूनही तेथून नख फिरवले की गुळगुळीत भाग संपून खरखर कुठे सुरू होते ते कळते. हा डाग नव्हे, दगडच तेवढा झिजला आहे, म्हणून तो धुऊन जात नाही. आपल्याकडे बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत फरशीवर क्षारांचा पांढरा थर बसतो, आणि तो काढण्यासाठी अनेक घरांत ॲसिड ओतले जाते. थर जातो, पण त्याबरोबर पॉलिशही जाते, उघड्या पडलेल्या दगडावर क्षार आणखी लवकर धरतात, आणि मग पुन्हा ॲसिड आणले जाते. त्याऐवजी फरशी पुसल्यावर लगेच कोरडी करावी आणि सौम्य साबण वापरावा; संडास धुण्याची आम्लयुक्त द्रावणे दगडी फरशीच्या आसपासही आणू नयेत.

थंडाव्याबाबत दोघांत सांगण्यासारखा फरक नाही. दगड पायातली उष्णता पटकन ओढून घेतो म्हणून थंड लागतो, आणि तळमजल्यावर त्याच्याखालची जमीनही त्याला हात देते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असताना दुपारी तळमजल्याच्या फरशीवर नुसती चटई टाकून पडण्यातले सुख सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. तोच दगड वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबवर बसवला, तर संध्याकाळी तो तितका थंड लागत नाही. तेथे दोष दगडाचा नसतो.

बसवण्याच्या कामात हे दोन दगड सर्वांत जास्त वेगळे वागतात, आणि खर्चाचा अंदाज चुकतो तो येथेच. शहाबादीची जाडी प्रत्येक फरशीगणिक कमीजास्त असते, त्यामुळे गवंड्याला खालचा माल, म्हणजे सिमेंट-वाळूचे मिश्रण, प्रत्येकीसाठी वेगळा घ्यावा लागतो आणि ठोकून ठोकून पातळी साधावी लागते. हात घाईचा असेल तर खाली पोकळी राहते आणि वर्षभरात फरशी डुगडुगू लागते. कोटा बऱ्यापैकी एकसारख्या जाडीचा येतो, पण तो बसवून काम संपत नाही. निदान आठवडाभर पाणी मारून माल पक्का होऊ द्यावा, सांधे दगडाच्या रंगाचे सिमेंट भरून बंद करावेत, आणि मग घासण्याचे यंत्र आणावे. त्यात आधी जाड कणांचे आणि मग क्रमाने बारीक कणांचे दगड लावून घासतात, आणि दोन फरश्यांमधले लहान उंचसखलपण या घासण्यातच निघते. या कामाला पाणी फार लागते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात यंत्रवाल्याला बोलावण्याआधी टाकी भरून ठेवली नाही, तर तो अर्ध्या कामावरून परत जातो. घासताना निघणारी करडी राड मोरीत सोडू नये. ती पाइपात बसून घट्ट होते. म्हणून कोट्याचा भाव विचारताना दगड, बसवणे, सांधे आणि पॉलिश असे चारही आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. नुसत्या दगडाच्या दराची तुलना करून घेतलेला निर्णय बहुधा पस्तावायला लावतो.

जमिनीचा विचार दोन्हींसाठी सारखाच महत्त्वाचा आहे. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. जोत्यात भर म्हणून तीच माती टाकली, तर वरची फरशी कितीही चांगली असली तरी ती कुठे उचलते आणि कुठे खचते. भर मुरमाचीच असावी, थराथराने पाणी मारून धुमसलेली असावी, आणि त्यावर काँक्रीटचा थर द्यावा. न्हाणीघरात दहा फुटांना साधारण दीड इंच ढाळ ठेवावा, आणि शहाबादीच्या चढउतारांत पाणी साचत नाही ना, हे गवंडी समोर असतानाच बादली ओतून पाहावे.

गुजरातमधल्या मोरबीहून येणाऱ्या व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत भाजून घट्ट केलेल्या, टाइल्सना आम्लाची भीती नाही आणि त्या लवकर बसतात, हे खरे आहे. पण त्या चकाकी गेल्यावर घरच्या घरी पुन्हा घासता येत नाहीत, आणि एखादी फुटली की काही वर्षांनी त्याच नक्षीची दुसरी मिळणे अवघड जाते.

दगडाचे तसे नसते. दहा-पंधरा वर्षांनी कोटा मंद झाला तर यंत्र आणून तो पुन्हा घासता येतो. आणि शहाबादी तर उचलून नेता येते: माझ्या आत्याचा जुना वाडा पाडला तेव्हा अंगणातल्या फरश्या आम्ही पहारीने सुट्या करून घेतल्या. वरचे अंग पावलांनी झिजून गुळगुळीत झाले होते, म्हणून त्या पालथ्या करून खालचे कोरे, खरखरीत अंग वर घेतले, आणि आता आमच्या मागच्या दारी भांडी घासण्याच्या जागेवर त्याच बसवलेल्या आहेत.