बालपर्यावरण-आरोग्य संशोधकांचे प्रशिक्षण

हवा, पाणी, माती, अन्न आणि राहते घर यांतील घातक घटक मुलांच्या प्रकृतीवर काय परिणाम करतात, हे शोधण्यासाठी विकसनशील देशांतील स्थानिक डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ व क्षेत्रकर्मचारी यांना दिले जाणारे शिक्षण. मूल वजनाच्या मानाने प्रौढापेक्षा जास्त श्वास घेते, जास्त पाणी पिते, रांगताना मातीचे हात तोंडात घालते. पोटात गेलेले शिसे ते प्रौढाच्या चार-पाच पट शोषून घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ मधील अंदाजानुसार पाच वर्षांखालील सुमारे १७ लाख बालमृत्यू दरवर्षी पर्यावरणातील धोक्यांशी निगडित असतात. यांतले बहुतेक गरीब देशांत होतात. मोजमापाची साधने आणि ती हाताळणारी माणसे मात्र मुख्यतः श्रीमंत देशांत आहेत.

विषबाधाशास्त्र, साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र हा अभ्यासक्रमाचा पाया कुठेही सारखाच. स्थानिक संशोधक का हवा, हे क्षेत्रात उतरल्यावर कळते, आणि सांगली जिल्हा त्याचे बोलके उदाहरण आहे. तासगाव-मिरज पट्ट्यातील द्राक्षबागांत ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर फवारण्यांचा जोर असतो. ऑर्गेनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांचे अवशेष लघवीतून बहुधा एक-दोन दिवसांत निघून जातात. म्हणजे फवारणीच्या तारखा न बघता मुलांचे नमुने घेतले, तर 'धोका नाही' असा खोटा दिलासा मिळतो. निर्यातीसाठी नोंदणी केलेल्या बागायतदाराकडे औषध, प्रमाण व तारखेची फवारणी नोंदवही असते. संशोधकाला आयता मिळणारा हा ठेवा परक्या तज्ज्ञाच्या प्रश्नावलीत सहसा नसतो.

ऊसतोडीचे गणित आणखी अवघड. गळीत हंगामात बीड व आसपासच्या भागांतून टोळ्या येतात. लहान मुले आईवडिलांबरोबर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहतात. चुलीचा धूर, जाळलेल्या फडाची काजळी, पाण्याची अडचण हे सारे एकाच मुलाच्या वाट्याला येते, आणि हंगाम संपला की ते मूल अभ्यासाच्या यादीतून नाहीसे होते. त्याला पुन्हा गाठायचे तर मुकादमाची यादी आणि मूळ गावची अंगणवाडी सेविका, दोन्ही हाताशी हवीत. खानापूर-आटपाडीकडील गलाई (सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा) व्यावसायिकांची कुटुंबे देशभर विखुरलेली आहेत. आम्लाच्या वाफेचा धोका दुसऱ्या राज्यात आणि आजारपण गावाकडे, असे इथे घडू शकते. म्हणून 'वडील काय करतात' याबरोबर 'कुठे करतात' हेही विचारायला शिकवावे लागते.

प्रयोगशाळेतील शिस्त हा प्रशिक्षणाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. रक्तातील शिसे मोजताना बोटाच्या कातडीवर शिसे लागलेले असल्यास टोचून घेतलेल्या थेंबात ते जास्त दिसते. म्हणून शंकास्पद निकाल शिरेतील रक्ताने पडताळतात.

तमिळनाडूत चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेने चार देशांतील ३,२०० गर्भवतींच्या स्वयंपाकघरातील धुरावरील चाचणीत भाग घेतला. चुलीऐवजी दिलेल्या गॅसमुळे धूर बराच घटला, तरी बाळांच्या जन्मवजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. नकोसा निकालही तसाच मांडायचा, याचा हा चांगला धडा आहे.

मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातील कराडचे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय यांच्यासारख्या ठिकाणी पदव्युत्तर प्रबंध हा अशा कामाचा स्वाभाविक आरंभ ठरतो. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची अल्पमुदतीची विद्यार्थी संशोधन योजना आहे.

परिषदेच्या २०१७ च्या नीतिनियमांनुसार पालकांची संमती लागतेच. शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी होकार घ्यावा लागतो. निकाल पालकांना सांगणे हेही शिकवण्याचेच काम. रक्तातील शिसे डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक निघाले, तर त्याचा उगम शोधून संपर्क थांबवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले आहे. तेव्हा अशा मुलाला कोणाकडे पाठवायचे, हे सुई टोचण्याआधीच ठरलेले असावे लागते.