दाढेला तडा का जातो? पार्श्वभूमी एका जुन्या दुखण्याची

दाढेचा तुकडा पडला की माणूस शेवटच्या घासाला दोष देतो. दिवाळीत चकलीला, संक्रांतीनंतर कडक झालेल्या तिळाच्या लाडवाला, एरवी भातातल्या खड्याला. पण दंतवैद्याकडे तुटकी दाढ घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचा दात पोळी-भाजी नाहीतर मऊ भात खाताना गेलेला असतो. शेवटचा घास निमित्तमात्र. चीर आधीपासून असते, कित्येकदा अनेक वर्षं. शिवाय चिरलेल्या दाढांमध्ये पूर्वी कधीतरी चांदी किंवा सिमेंट भरलेल्या दाढांचा भरणा मोठा असतो. त्यामुळे दात का तुटतात हे शोधायला गेलं, तर माणसानं काय खाल्लं याच्या जोडीनं दात दुरुस्त कसे केले हेही पाहावं लागतं.

एनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं पांढरं आवरण, हा शरीरातला सर्वांत कठीण भाग. वजनानं सुमारे 96 टक्के खनिज. कठीण, पण ठिसूळ. त्याखालचं डेंटिन तुलनेनं लवचीक आहे: सुमारे 70 टक्के खनिज, बाकी कोलॅजेनचे धागे आणि पाणी. एनॅमलमध्ये उठलेली चीर बहुतेक वेळा या दोहोंच्या सांध्यापाशी थांबते. चाळिशीतल्या माणसाच्या पुढच्या दातांवर बाजूनं उजेड टाकून पाहिलं, तर उभ्या बारीक रेषा हमखास दिसतात. त्या अशाच थांबलेल्या चिरा. त्यांचा त्रास नसतो आणि त्यांवर उपचारही लागत नाही. मात्र एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंतच जिवंत असतात. मोडलेलं हाड सांधतं, चिरलेला दात आपणहून सांधत नाही.

तुटके दात माणसाहूनही जुने आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेत 2013 साली होमो नालेदी या आपल्या दूरच्या भाऊबंदांची हाडं सापडली. सुमारे 2,36,000 ते 3,35,000 वर्षांपूर्वीची. त्यांच्या जवळजवळ 44 टक्के दातांचे टवके उडालेले होते. मातीसकट खाल्लेले कंद किंवा वाळू-खडे मिसळलेलं अन्न, असा त्याचा अर्थ लावला गेला. आल्प्समध्ये 1991 साली सापडलेला ओट्झी हा हिममानव त्या मानानं कालचाच, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा. त्याच्या एका दाढेचा उंचवटा तुटलेला होता. धान्याच्या लापशीत आलेला खडा चावला गेला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

धान्य दळायला लागल्यापासून दगडाची कच माणसाच्या पोटात जातेच आहे. आपल्याकडे जातं काळ्या बेसॉल्टचं. ते गुळगुळीत झालं की टाकी लावून घ्यायचं. टाकी लावल्यावरच्या पहिल्या दळणात दगडाची पूड यायचीच, म्हणून जाणत्या बायका आधी भरड-कोंडा दळून तो टाकून द्यायच्या. तरीही भाकरी अधूनमधून कचकचायची. अशा अन्नानं दात झिजतात, सपाट होतात, कडांचे टवके उडतात. पण उभी दाढ तळापर्यंत दुभंगणं हा वेगळा प्रकार आहे.

सुश्रुतसंहितेत मुखरोगांच्या अध्यायात दातांचे आठ रोग दिले आहेत. त्यांतला दालन म्हणजे दात फुटताहेत असं वाटावं इतकी तीव्र वेदना. भंजनकात दात मोडतात आणि तोंड वाकडं होतं. कपालिकेत साचलेल्या शर्करेसोबत (म्हणजे दातांवर घट्ट बसलेल्या किटणासोबत) दातांचं आवरण कपच्या-कपच्यांनी सुटतं. कारणं वात आणि कफाच्या भाषेत सांगितली आहेत, पण पथ्य मात्र आजही कोणी दंतवैद्य खोडणार नाही: दंतरोग्यानं आंबट फळं, थंड पाणी आणि फार कठीण पदार्थ टाळावेत. हे पथ्य अडकित्ता घरोघर असलेल्या समाजात कितपत पाळलं गेलं, ही शंकाच आहे. सुपारी कातरून खाल्ली तरी ती कठीणच. वर्षानुवर्षं एकाच बाजूला सुपारी चघळणाऱ्यांच्या दाढा घासून ताटलीसारख्या सपाट होतात, एनॅमल संपून पिवळं डेंटिन उघडं पडतं आणि उरलेल्या पातळ कडा तुटतात. ताण सतत पडत राहिला तर धडधाकट दातही मुळापासून चिरतो. काहीही न भरलेल्या, रूट कॅनल न झालेल्या दाढांची मुळं उभी चिरल्याची उदाहरणं तैवानमधल्या दंतवैद्यांनी 1990 च्या दशकात नोंदवली. चिवट आणि कठीण पदार्थ चावत राहण्याच्या सवयीकडे त्यांनी बोट दाखवलं.

दात कोरण्याची गोष्ट आपल्याच उपखंडात सुरू होते. बलुचिस्तानातल्या मेहरगढमध्ये 7,500 ते 9,000 वर्षांपूर्वीच्या नऊ जणांच्या मिळून अकरा दाढा गारगोटीच्या टोकानं कोरलेल्या सापडल्या. जिवंतपणीच कोरलेल्या, कारण भोकांच्या कडा पुढे चावून चावून गुळगुळीत झाल्या आहेत. त्यांत काही भरलं असलं तरी ते टिकलेलं नाही. भरलेला जुना दात हवा असेल तर स्लोव्हेनियातल्या लोन्चे इथल्या जबड्याकडे वळावं लागतं. सुमारे 6,500 वर्षांपूर्वीचा, विशी-तिशीतल्या माणसाचा हा जबडा जवळजवळ शंभर वर्षं त्रिएस्तेच्या संग्रहालयात पडून होता. 2012 साली संशोधकांनी तो बारकाईनं तपासला, तेव्हा सुळ्याला एक उभी चीर दिसली, आणि त्या चिरेवर नि झिजलेल्या भागावर मधमाश्यांचं मेण बसवलेलं. मेण मरणानंतर लावलं असण्याची शक्यता संशोधकांनी पूर्ण नाकारलेली नाही. पण ते जिवंतपणी लावलेलं असेल, तर चिरलेल्या दातावरचा हा फार जुना उपचार म्हणावा लागेल.

चिरा वाढवणारी खरी घडामोड एकोणिसाव्या शतकातली. 1826 च्या सुमारास पॅरिसमध्ये ओग्युस्त तावो यांनी चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून दातात भरायला सुरुवात केली. 1833 साली क्रॉकूर बंधूंनी हाच लगदा भारदस्त नाव देऊन न्यूयॉर्कला नेला. सोन्याच्या तुलनेत स्वस्त, भरायला झटपट, त्यामुळे धंदा तेजीत. कीड नीट न काढताच ते वर भरून मोकळे होत. शिवाय हे सुरुवातीचं मिश्रण घट्ट होताना फुगायचं. भरणं दाताच्या वर येऊन चावताना आधी टेकायचं, आणि कधी दाताची भिंतच फोडायचं. पाऱ्याच्या विषारीपणाची भीती होतीच. 1840 साली स्थापन झालेल्या अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्सनं सभासदांकडून अमलगम, म्हणजे पारा-चांदीचं हे मिश्रण, न वापरण्याची शपथ घ्यायला सुरुवात केली. भांडण इतकं विकोपाला गेलं की 1856 मध्ये संस्थाच मोडली. अमलगम टिकलं.

फुगण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला तो शिकागोच्या जी. व्ही. ब्लॅक यांनी. 1895-96 च्या सुमारास त्यांनी चांदी, कथील वगैरेंचं प्रमाण बसवून फारसं न फुगणारं आणि न आकसणारं मिश्रण दिलं. आधुनिक दंतवैद्यकाचा पाया घालणारे म्हणून त्यांचं नाव घेतात, ते रास्तच आहे. पण आजच्या चिरलेल्या दाढांचा माग काढताना त्यांच्याच दुसऱ्या एका शिकवणुकीशी थांबावं लागतं. कीड पुन्हा लागू नये म्हणून किडलेल्या भागापुरतंच न थांबता दाढेवरच्या आसपासच्या खोल खाचाही कोरून खड्डा रुंद करावा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या काळी फ्लोराइडची टूथपेस्ट नव्हती. त्यांच्या दृष्टीनं हा शहाणपणाच होता. शिवाय अमलगम दाताला चिकटत नाही, नुसतं अडकून बसतं. म्हणून खड्डा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरायचा. हे नियम विसाव्या शतकाचा मोठा भाग जगभरच्या दंत महाविद्यालयांत घोकले गेले.

परिणाम असा की दाढेच्या मधोमध पुढून मागपर्यंत चर खणला जायचा आणि दोन्ही बाजूंचे उंचवटे सुट्या भिंतींसारखे उभे राहायचे. चावताना मागच्या दाढांवर पन्नास किलोंहून अधिक भार सहज येऊ शकतो. दर घासाला त्या भिंती किंचित बाहेर वाकतात आणि परत येतात, दिवसातून शेकडो वेळा. गरम-गार झाल्यावर अमलगम दाताच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. जस्त असलेल्या अमलगममध्ये भरताना लाळ मिसळली, तर आत हायड्रोजन वायू तयार होऊन भरणं काही दिवसांनी फुगतं. पाचर ठोकावी तसं हे सगळं हळूहळू चालतं. दुखायला लागेपर्यंत पत्ताही लागत नाही.

या दुखण्याला रोगाचं नाव मिळायला 1964 साल उजाडलं. अमेरिकी दंतवैद्य कॅमेरॉन यांनी त्या वर्षी ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ ही संज्ञा वापरली. लक्षणं विचित्र असतात. एका विशिष्ट ठिकाणी चावलं की सणकन कळ जाते, पण दात शांत असताना काही नाही. नेमका कोणता दात ते रुग्णालाही सांगता येत नाही. एक्स-रे स्वच्छ येतो, कारण चीर बहुधा पुढून मागे जाते, म्हणजे फिल्मला समांतर. तिच्यावरून क्ष-किरण आरपार निघून जातात. कित्येकांना मानसिक दुखणं समजून परत पाठवलं गेलं असेल.

शोधण्याची रीत साधी आहे. प्लॅस्टिकची छोटी दांडी दाढेच्या एकेका उंचवट्यावर ठेवून चावायला सांगायचं, आणि मग सोडायला. कळ बऱ्याचदा चावताना न येता सोडताना येते. डेंटिनमध्ये अतिसूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव. चावताना चीर उघडते, सोडताना मिटते, द्रव झटक्यानं हलतो आणि आतली नस चाळवते. डेंटिनमधल्या द्रवाच्या हालचालीनं वेदना होते, हे स्वीडनच्या ब्रेनस्ट्रॉम यांनी 1960 च्या दशकात मांडलं. त्यानंतर या विचित्र लक्षणाचा उलगडा झाला. जोडीला निळा रंग लावून पाहतात, किंवा तीव्र उजेड: दातावर बाजूनं दिवा धरला की उजेड चिरेपाशी अडतो आणि पलीकडचा भाग काळा दिसतो.

रूट कॅनल केलेला दात सुकून ठिसूळ होतो, हा समज दंतवैद्यांमध्येही बराच काळ होता. 1989 साली रीह, मेसर आणि डग्लस यांनी काढलेले दात घेऊन मोजमाप केलं. नुसत्या रूट कॅनलनं दाताचा ताठपणा सुमारे 5 टक्के घटला. वरच्या बाजूच्या साध्या खड्ड्यानं 20 टक्के. पुढून मागपर्यंतच्या चरानं 63 टक्के. म्हणजे दात कमकुवत होतो तो नस काढल्यानं नव्हे, भिंती गेल्यानं. रूट कॅनल झालेल्या दाढेवर कॅप बसवून घ्या, हा आग्रह त्यामुळेच. खर्च वाचवायला ती टाळणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काहींची दाढ दोन तुकड्यांत निघते. दाताच्या मुळामध्ये खिळा बसवण्याचा इतिहासही असाच आहे: एकोणिसाव्या शतकात मुळामध्ये लाकडी खुंटी ठोकून त्यावर कृत्रिम दात बसवत. लाकूड लाळेनं फुगायचं, दात घट्ट बसायचा, आणि कधी मूळच फुटायचं.

चिकटणारं भरणं आलं ते रंगकामावरून. धातूला रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे पाहून मायकेल ब्युओनोकोर यांनी 1955 मध्ये एनॅमलवर तोच प्रयोग केला. पुढे 1962 मध्ये राफेल बोवेन यांनी आजच्या दाताच्या रंगाच्या भरण्याचा रासायनिक आधार तयार केला. असं भरणं भिंतींना धरून ठेवतं, आणि खड्डाही किडीपुरताच कोरता येतो.

राहिला प्रश्न झोपेत दात खाण्याचा. 1907 मध्ये पॅरिसच्या मारी पिएत्केविच यांनी त्यावर लिहिलं तेव्हापासून तो दंतवैद्यकाच्या चर्चेत आहे. घरात ‘पोटात जंत झाले असतील’ म्हणून विषय संपवण्याची रीत अजूनही आहे, आणि मोठ्यांच्या बाबतीत ती दिशाभूल करणारी आहे. कोविडच्या काळात हा त्रास उघड दिसला: 2021 च्या सुरुवातीला अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या पाहणीत 60 टक्क्यांहून अधिक दंतवैद्यांनी चिरलेले आणि टवके उडालेले दात वाढल्याचं सांगितलं. रात्री घालायचा प्लॅस्टिकचा गार्ड दात खाणं थांबवत नाही, पण भार वाटून घेतो.

आज तडा कुठवर गेला यावर दाताचं भवितव्य ठरतं. एखादा उंचवटाच तुटला असेल तर भरणं किंवा कॅप पुरते. चीर नसेपर्यंत गेली असेल तर रूट कॅनल आणि कॅप. दाढ दुभंगली असेल किंवा मूळ उभं चिरलं असेल तर ती काढावी लागते. एकच मूळ गेलेलं असेल तर तेवढंच काढून उरलेली दाढ वाचवण्याचा प्रयत्न काही वेळा होतो. युरोपीय संघानं 1 जानेवारी 2025 पासून, काही वैद्यकीय अपवाद सोडून, अमलगम बंद केलं आहे. तेही पाऱ्याच्या प्रदूषणामुळे, तड्यांमुळे नव्हे. आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकात चांदी भरून घेतलेल्या पिढीच्या तोंडात ती अजून आहे. चांगली बसलेली चांदी केवळ भीतीपोटी काढून घेण्याची गरज नाही, कारण ती काढताना दाताचाही थोडा भाग कोरला जातो.