विज्ञान-शोध आणि डेटा हाताळणी (इयत्ता सहावी ते आठवी)

सहावी ते आठवीच्या मुलांनी स्वतः प्रश्न काढायचा, तो तपासता येईल असा नेमका करायचा, मोजमापं घ्यायची, तक्ता करायचा, आलेख काढायचा आणि त्यातून जेवढं निघतंय तेवढंच बोलायचं, एवढं सगळं या कौशल्यांमध्ये येतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या ५+३+३+४ रचनेत हा तिसरा टप्पा, वय साधारण ११ ते १४. पाचवीपर्यंत नुसतं बघून सांगितलं तरी चालतं आणि नववीपासून बोर्डाचं टेन्शन सुरू होतं, म्हणून ही मधली तीन वर्षं फार मोलाची आहेत. यातली सगळ्यात अवघड गोष्ट आलेख नाही की सरासरी नाही, जे समोर दिसलं तेच वहीत लिहिणं ही आहे, आणि पुण्यातल्या मुलांना ती शिकायला एकदम हाताशी उदाहरण आहे.

पुण्यात पाणी किती अंशाला उकळतं? जवळपास सगळ्या जर्नलमध्ये १०० अंश सेल्सिअस लिहिलेलं सापडेल. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. वर्गात प्रयोग केला की थर्मामीटरचा पारा ९८ ला येऊन थांबतो, पाणी खळखळ उकळतंय, आणि मुलं म्हणतात "मॅडम, थर्मामीटर खराब आहे" किंवा गुपचूप १०० लिहून मोकळी होतात, कारण पुस्तकात तसं आहे आणि मार्क त्यालाच मिळणार असं त्यांना वाटतं. खरं तर इथूनच शोध सुरू होतो. थर्मामीटर खराब असेल ही शंका चांगलीच आहे, पण ती तपासायची, वितळणाऱ्या बर्फात तो शून्य दाखवतो का ते बघायचं, दुसऱ्या थर्मामीटरने परत मोजायचं. तरीही ९८ च आलं तर मग उंचीचा विचार. कुणी सुट्टीत महाबळेश्वरला जाणार असेल (उंची साधारण १३५० मीटर) तर तिथे हाच प्रयोग मोठ्या माणसाला सोबत घेऊन करता येतो, तिथे ९५-९६ च्या आसपास आकडा येतो. मुंबई, पुणे, महाबळेश्वर असे तीन बिंदू आलेखावर मांडले की दर ३०० मीटरला साधारण एक अंश उत्कलनबिंदू उतरतो हे मुलाला स्वतःला दिसतं, कुणी सांगावं लागत नाही. आणि पुस्तकातले १०० अंशही चूक नाहीत, ते समुद्रसपाटीच्या दाबाला लागू आहेत.

प्रश्न आणि चल

प्रोजेक्ट म्हटलं की अजूनही सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी आणि थर्माकोलचं मॉडेल, तेही बऱ्याचदा आईबाबांनी रात्री जागून केलेलं. ते दिसायला छान असतं पण त्यात प्रश्नच नसतो. तेच "व्हिनेगर तेवढंच ठेवून सोडा एक चमचा, दोन चमचे, तीन चमचे घातला तर फुगा किती फुगतो" असं विचारलं की त्याचा शोध होतो, आणि मजा म्हणजे एका मर्यादेनंतर सोडा वाढवूनही फुगा जास्त फुगत नाही, कारण व्हिनेगर संपलेलं असतं.

इथे तीन प्रकारचे चल येतात: आपण मुद्दाम बदलतो तो स्वतंत्र चल, त्यामुळे जो बदलतो आणि आपण मोजतो तो अवलंबी चल, आणि बाकी सगळं जे तसंच ठेवायचं ते नियंत्रित चल. व्याख्या मुलं पाठ करतात पण त्याने काही कळत नाही, हात घातल्याशिवाय नाहीच कळत. त्यासाठी लंबक सगळ्यात भारी, एक दोरा, एक लोखंडी नट, मोबाइलचं स्टॉपवॉच, झालं. आधी अंदाज वहीत लिहून घ्यायचा (हेच गृहीतक): जड नट लावला तर झोका लवकर होईल का? बहुतेक मुलं हो म्हणतात. मग लांबी तीच ठेवून एक नट, दोन नट, तीन नट लावून बघायचं, पण नट एकाखाली एक लोंबकळत बांधायचे नाहीत, नाहीतर लांबीपण बदलते आणि कशामुळे काय झालं तेच कळत नाही. लांबी दोऱ्याच्या टोकापर्यंत नाही, नटाच्या मध्यापर्यंत मोजायची.

एका झोक्याची (म्हणजे जाऊन परत येण्याची) वेळ मोजू नये, दहा झोक्यांची मोजावी, कारण बटण दाबताना बोटाला जो सेकंदाचा थोडासा भाग उशीर होतो तो एका झोक्यात फार जाणवतो आणि दहांत वाटला जातो. २५ सेंटिमीटरला दहा झोके साधारण १० सेकंदात होतात, ५० ला १४ च्या थोडं वर, १०० ला २०. एखाद्या गटाचं २५ सेंटिमीटरला ९ सेकंद आलं तर समजायचं की त्यांनी सोडतानाच "एक" म्हटलंय, म्हणजे दहा मोजले पण झोके नऊच झाले. सोडताना "शून्य" म्हणायचं असतं. वजनाने वेळ बदलत नाही हे बघून मुलांना धक्का बसतो, आणि लांबी चौपट केली तर वेळ फक्त दुप्पट होते हा दुसरा धक्का. रेषालेख काढला की सरळ रेष येत नाही, वाकलेली येते. सातवीच्या मुलाला वर्गमूळाचं सूत्र द्यायची काही गरज नाही, रेष वाकतेय आणि ती उगाच पट्टीने सरळ करायची नाही, एवढं पुरे.

आकड्यांचं काय करायचं

राज्याची पाठ्यपुस्तकं करणारी बालभारती १९६७ पासून पुण्यातच आहे, आणि तिच्या गणितात सहावी ते आठवीत स्तंभालेख, जोडस्तंभालेख, सरासरी, विभाजित स्तंभालेख असं सगळं टप्प्याटप्प्याने येतंच. अडचण अशी की गणिताच्या तासाला आकडे आयते मिळतात आणि विज्ञानाच्या तासाला आकड्यांशी कुणी खेळत नाही, दोन्ही तास एकमेकांना भेटतच नाहीत. पाऊस मोजायला घेतला की भेटतात.

सरळ उभ्या प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा, बाहेर पट्टी चिकटवायची, झाला पर्जन्यमापक. बाटलीचा तळ खडबडीत असतो म्हणून आधी खडे टाकून सरळ भागापर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्य धरायचं, हे विसरलं तर सगळी रीडिंग्ज बिघडतात. बाटली झाडाखाली किंवा बाल्कनीच्या छपराखाली ठेवायची नाही. हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा धरतं, म्हणून मुलांनीही साडेआठलाच बघावं म्हणजे तुलना करता येते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, हे कळलं की सोसायटीच्या गच्चीवर किती पाणी पडलं ते मुलं लगेच काढतात आणि टँकरशी तुलना करून मोठ्यांना सुनावतातही!

आता समजा पाच दिवसांचे आकडे आले ०, २, १, ०, ६७. सरासरी १४ मिलिमीटर. पण १४ मिलिमीटर पाऊस एकाही दिवशी पडलेला नाही! चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला, म्हणजे मध्यक, तर तो १ येतो. यातलं खरं कोणतं असं विचारू नये, कशासाठी हवंय ते विचारावं: एकूण किती पाणी आलं यासाठी सरासरी कामाची, नेहमीचा दिवस कसा होता यासाठी मध्यक. आणि तो ६७ खोडायचा नाही. वेगळा दिसतो म्हणून आकडा टाकून देणं ही फार वाईट सवय आहे. बाटलीत कुणी बादली ओतली होती असं कारण सापडलं तरच बाजूला ठेवावा, तेही तसं लिहून. कोथरूडच्या मुलाचा आकडा आणि शिवाजीनगरच्या वेधशाळेचा आकडा जुळला नाही म्हणजे मुलाचं चुकलं असंही नाही, वळवाचा पाऊस एका पेठेत धो धो आणि दुसरीकडे कोरडं असा पडतोच.

आलेखात रोजचा पाऊस स्तंभांनी दाखवावा, तापमान रेषेने. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासूनच सुरू व्हावा, नाहीतर थोडासा फरक डोंगराएवढा दिसतो. हे कळलेलं मूल पुढे पेपरातल्या जाहिरातींचे ग्राफही नीट बघतं. गूगल शीट्स वापरायला हरकत नाही, पण पहिले दोन-तीन आलेख हातानेच काढावेत, प्रमाण ठरवताना जो विचार करावा लागतो तो कॉम्प्युटर आपल्यासाठी करून टाकतो.

पुण्यात काय आहे

शिवाजीनगरचं शिमला ऑफिस (हवामान खात्याची इमारत) १९२८ पासून हवामानाच्या नोंदींचं ठिकाण आहे. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी २००३ ते २०१४ टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली, त्यातली कितीतरी मोजमापालाही वापरता येतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आयुकात शाळेच्या मुलांची गर्दी होते. स्पर्धांमध्ये होमी भाभा बालवैज्ञानिक सहावी आणि नववीसाठी, तिथे लेखी आणि प्रात्यक्षिकानंतर स्वतः केलेला प्रकल्प आणि मुलाखत असते. १९९३ पासूनची राष्ट्रीय बालविज्ञान परिषद आपल्या भागातला प्रश्न गटाने अभ्यासायला लावते. इन्स्पायर-मानक या केंद्र सरकारच्या योजनेत निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये मिळतात. क्लास लावून लेखी परीक्षा निघते, प्रकल्पाला मात्र महिनोन्महिन्यांची वहीच लागते.

खर्च नको असेल तर शाळेच्या मैदानात एक काठी उभी रोवायची आणि साडेअकरा ते दीड दर दहा मिनिटांनी सावली मोजायची. सगळ्यांना वाटतं बाराला सर्वात छोटी सावली येणार. येत नाही. पुण्यात ती ऋतूप्रमाणे साधारण १२:१८ ते १२:४९ च्या मध्ये कधीतरी येते, कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं आणि पुणे ७४ च्या जवळ आहे, शिवाय पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्यामुळे वर्षभर थोडं मागेपुढे होतं. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस तर काठीची सावली काही क्षण नाहीशीच होते, जुलैत फक्त ढग आडवे येतात.

वहीचे नियम सोपे आहेत. पेनाने लिहायचं, तारीख, वेळ, एकक प्रत्येक नोंदीला, खोडरबर नाही, चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ म्हणजे खालचं वाचता येतं. अंदाज आधी, रीडिंग नंतर. मार्क देताना शिक्षकांनी उत्तर पुस्तकाशी जुळतं का याआधी हे बघावं की तीन वेळा मोजलेल्या तिन्ही रीडिंग्ज लिहिल्यात का, आणि त्या थोड्या वेगवेगळ्या आहेत का. स्टॉपवॉचवर तीनही वेळा तंतोतंत १४.२० आलं असेल तर मुलाला जवळ बसवून परत एकदा लंबक सोडायला लावावा.