यूरी मांगा : शाळकरी मुलींच्या प्रेमकथा

मुलींचे मुलींवरील प्रेम हा ज्यांचा कणा असतो अशा जपानी चित्रकथांना ‘यूरी’ म्हणतात. नोकरदार, प्रौढ स्त्रियांच्या यूरी कथा आता बऱ्याच निघतात, तरी या प्रकाराचे माहेर शाळाच आहे. प्रस्तुत नोंद हायस्कूलमधील, म्हणजे साधारण १५ ते १८ वर्षे वयाच्या मुलींच्या कथांपुरती आहे. या कथांमधले प्रेम कधी इतके हळुवार असते की नुसत्या नावाने हाक मारायला अर्धे पुस्तक लागते, तर कधी मत्सर, धाक आणि कोंडमारा यांनी ते पार नासते. हळुवार आणि विखारी असे दोन वेगळे वर्ग पाडण्याची वाचकांना सवय आहे. प्रत्यक्षात दोन्हींची सामग्री एकच असते : चार भिंतींतली शाळा, वरच्या वर्गातल्या मुलीचा मान, जपायचे गुपित आणि तीन वर्षांची मुदत. कथा कोणत्या बाजूला झुकेल हे दोन गोष्टींवर ठरते. एकीने ‘नाही’ म्हटले तर दुसरी ते ऐकते का, आणि त्या दोघींखेरीज कथेत बोलायला आणखी कोणी आहे का.

पूर्वपीठिका

१८९९ मध्ये जपानमध्ये उच्च कन्याशाळांसंबंधीचा अध्यादेश निघाला आणि प्रांतोप्रांती मुलींच्या स्वतंत्र शाळा उभ्या राहिल्या. या शाळांचे घोषित ध्येय चांगल्या पत्नी आणि शहाण्या माता घडवणे हे होते. पण घराबाहेर, समवयस्क मुलींच्या सहवासात काही वर्षे घालवण्याची संधी मध्यमवर्गीय मुलींना प्रथम मिळाली ती इथेच. ‘शोजो नो तोमो’ (१९०८) आणि ‘शोजो गाहो’ (१९१२) यांसारखी मुलींची मासिके याच वाचकवर्गावर चालत. वरच्या वर्गातली एक आणि खालच्या वर्गातली एक अशा जोडीतल्या उत्कट मैत्रीला ‘एस’ किंवा ‘क्लास एस’ म्हणत. पत्रे लिहायची, भेटी द्यायच्या, ताईच्या जागी मानलेल्या मुलीशी एकनिष्ठ राहायचे, असा तिचा रिवाज होता. लग्न ठरले की हे आपोआप संपेल या भरवशावर मोठी माणसे ते चालवून घेत. १९११ मध्ये तोक्योच्या कन्याशाळेतून बाहेर पडलेल्या दोन तरुणींनी निइगाता प्रांताच्या किनाऱ्यावर एकत्र जीव दिला, तेव्हा मात्र वृत्तपत्रांतून या मैत्रीवर मोठी चर्चा झाली.

या भावविश्वाला भाषा दिली ती नोबुको योशिया (१८९६–१९७३) यांनी. ‘हाना मोनोगातारी’ ही त्यांची फुलांच्या नावांची कथामाला १९१६ पासून ‘शोजो गाहो’त येऊ लागली. अर्धवट तुटलेली वाक्ये, विरामचिन्हांनी भरलेली शांतता, विरहावर संपणारी कथा हे तिचे विशेष पुढे चित्रकथांनी जसेच्या तसे उचलले. योशिया यांनी स्वतः पुढचे सारे आयुष्य आपल्या सखीबरोबर, चियो मोनमा यांच्याबरोबर काढले. त्यांच्या कथांतला विरह हा लेखिकेच्या आयुष्याचा नव्हे, त्या काळातील मासिकांच्या चौकटीचा होता, हे ध्यानात ठेवायला हवे.

१९३७–३८ मध्ये ‘शोजो नो तोमो’त आलेली ‘ओतोमे नो मिनातो’ ही कादंबरी यासुनारी कावाबाता यांच्या नावाने छापली गेली. तिचा मूळ खर्डा त्सुनेको नाकाझातो यांचा होता आणि चित्रे जुनइची नाकाहारा यांची. योकोहामाच्या मिशनरी कन्याशाळेत नव्याने आलेल्या मिचिकोला वरच्या वर्गातल्या दोन मुलींची पत्रे येतात. योको शांत आणि मायाळू, तर कात्सुको हक्क गाजवणारी. आज ज्याला हळुवार आणि विखारी म्हणतात ते दोन्ही सूर इथे एकाच कथेत, एकाच मुलीच्या दोन बाजूंना उभे आहेत. युद्धानंतर सहशिक्षण रूढ झाले आणि ‘एस’चा रिवाज ओसरला.

चित्रकथेत प्रवेश

रियोको यामागिशी यांची ‘शिरोई हेया नो फुतारी’ (१९७१) ही पहिली यूरी चित्रकथा मानली जाते. फ्रान्समधल्या वसतिगृहात एका खोलीत राहणाऱ्या रेझीन आणि सिमोन या तिच्या नायिका. लोकांची कुजबुज असह्य होऊन रेझीन दूर जाते आणि सिमोनचा मृत्यू होतो. पुढची कित्येक वर्षे हाच साचा चालला : एक गडद केसांची, करारी, जगाशी फटकून असलेली; दुसरी फिकट केसांची, गोड, निरागस; आणि शेवटी मृत्यू, वेड किंवा लग्न. रियोको इकेदा यांच्या ‘ओनीसामा ए’मध्ये प्रतिष्ठित कन्याशाळेतील निवडक मुलींचे मंडळ हीच सत्तेची उतरंड होते. तिथली दादागिरी, पाळत आणि अपमान आजही अंगावर येतात. त्या काळच्या कथांत प्रेम विखारी होते याचे मुख्य कारण नायिकांचा स्वभाव नव्हे. त्यांच्यापुढे जगण्याची दुसरी वाटच लेखिकेला दाखवता येत नव्हती.

१९७६ मध्ये ‘बाराझोकू’ या समलिंगी पुरुषांच्या मासिकाचे संपादक बुंगाकु इतो यांनी स्त्री वाचकांच्या पत्रांसाठी ‘युरीझोकू नो हेया’ हे सदर सुरू केले. लिलीच्या फुलावरून आलेले हे नाव पुढे या साहित्यप्रकाराला चिकटले.

ओयुकी कोन्नो यांच्या ‘मारिया-सामा गा मितेरु’ या कादंबरीमालेने (१९९८–२०१२) ‘एस’ची परंपरा पुन्हा जिवंत केली. लिलियन कन्याशाळेत वरच्या वर्गातली मुलगी खालच्या वर्गातल्या मुलीला जपमाळ देऊन धाकटी बहीण करून घेते. तिन्ही इयत्तांत मिळून तीन पिढ्यांची साखळी तयार होते. या मालेची सुरुवात नकाराने होते, ही तिची सर्वांत मोलाची गोष्ट. नाटकातली नकोशी भूमिका टाळण्यासाठी साचिको समोर दिसलेल्या युमीला जपमाळ देऊ करते आणि साचिकोवर मनापासून भक्ती असलेली युमी ती घेत नाही. आपण सोयीसाठी निवडले गेलो आहोत हे तिला कळते. एवढ्या एका नकाराने त्या नात्याला पाया मिळतो. याच मालेत सेइ आणि शिओरी यांची उपकथा आहे. त्या दोघी एकमेकींत इतक्या बुडतात की बाकी जग पुसले जाते, पळून जायचे ठरते आणि शिओरी स्थानकावर येत नाही. प्रेमाची तीव्रता आणि प्रेमाची घुसमट यांत अंतर किती थोडे, हे इतक्या दयाळूपणे क्वचितच कुणी मांडले असेल.

यानंतर ‘युरी शिमाइ’ (२००३) आणि तिच्या पाठोपाठ ‘कॉमिक युरी हिमे’ (२००५) ही केवळ यूरीला वाहिलेली नियतकालिके निघाली. ‘युरी हिमे’ त्रैमासिक म्हणून सुरू झाले आणि पुढे मासिक झाले.

कथेची घडण

जपानी शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते, आणि लेखिका कथानक त्यावरच बेतते. एप्रिलमध्ये प्रवेश, वर्गांची नवी वाटणी आणि पहिली भेट. उन्हाळ्यात तिसऱ्या वर्षाच्या मुली क्रीडा किंवा कला मंडळातून निवृत्त होतात. रोजच्या भेटीचे निमित्त तुटते. शरद ऋतूत शाळेचा सांस्कृतिक महोत्सव, त्यात नाटक, आणि नाटकातल्या संवादांआडून न बोललेले बोलणे. १४ फेब्रुवारीला चॉकलेट. मार्चमध्ये निरोप समारंभ. नायिकांमध्ये एका वर्षाचे अंतर ठेवले की हे घड्याळ आणखी जोरात वाजते, कारण थोरली एक वर्ष आधी जाणार हे पहिल्या पानापासून ठरलेले असते.

जवळीक मोजायचे माप म्हणजे संबोधन. आडनावाला ‘सान’ हा आदराचा प्रत्यय, मग नावाला ‘चान’ हा लाडाचा, मग नुसते नाव, थोरलीला ‘सेनपाई’. एकेक पायरी ओलांडायला एक-दोन प्रकरणे लागतात. हिरोमी ताकाशिमा यांच्या मालेत यामादा आपल्या प्रेयसीला दीर्घकाळ ‘कासे-सान’च म्हणत राहते, आणि मालेचे नावही तेच आहे.

मासिकातले एक प्रकरण साधारण २५ ते ४० पानांचे असते. पाच-सहा प्रकरणांचे मिळून १६० ते २०० पानांचे पुस्तक होते. पाने उजवीकडून डावीकडे वाचायची. त्यामुळे उत्कंठा डाव्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यातल्या शेवटच्या चौकटीत ठेवतात आणि तिचे उत्तर पान उलटल्यावर उजव्या पानावर मिळते. कबुलीचे वाक्य बहुधा इथेच सापडते. मनातले बोलणे संवादाच्या फुग्याबाहेर, चौकटीवर मोकळे लिहिलेले असते. जुन्या कथांत पार्श्वभूमीला फुले उमलत. आता पाठमोरी आकृती, रिकामी चौकट किंवा नुसते हात तेच काम करतात. नवख्या वाचकाने घाईत फक्त संवाद वाचले तर अर्धी कथा निसटते.

हळुवार कथा

ताकाको शिमुरा यांची ‘आओई हाना’ (२००४–२०१३, ८ खंड) कामाकुरात घडते. फुमीला प्रथम थोरल्या चुलत बहिणीने दुखावलेले असते, मग सुगिमोतो या देखण्या थोरल्या मुलीने. सुगिमोतोचे मन मुळात दुसरीकडे गुंतलेले असते. कोणीही खलनायिका नाही. दुखावणाऱ्या मुलीही स्वतःच्या दुखण्यातून वागतात, आणि बालमैत्रीण अकिरा आपल्याला काय वाटते हे ओळखायला अनेक खंड घेते. शिमुरा तिला तो वेळ देतात.

निओ नाकातानी यांची ‘यागाते किमी नि नारु’ (२०१५–२०१९, ८ खंड, ४५ प्रकरणे) या प्रकारातील सर्वांत बारकाईने रचलेली कथा आहे. युउला कुणाविषयीच काही वाटत नाही आणि तोको तिच्यावर प्रेम करते ते नेमके त्यासाठीच. ‘तू माझ्या प्रेमात पडू नकोस’ ही तोकोची अट. वरवर हे नाते शांत आणि सभ्य दिसते. आत पाहिले तर ते एका मुलीला बदलायला बंदी करणारे आहे. तोको वारलेल्या थोरल्या बहिणीसारखी होण्यासाठी धडपडत असते आणि तिचे अपुरे राहिलेले नाटक शाळेत उभे करते. युउ त्या नाटकाचा शेवट बदलवून घेते. दोघींपैकी एकीने तरी अट मोडल्याशिवाय प्रेम पुढे सरकणार नाही, हे गणित नाकातानी पहिल्या खंडापासून मांडत नेतात. थोरल्या मुलीचे पहिले चुंबन न विचारता घेतलेले आहे, हेही वाचकाने नोंदवावे. हळुवार मानल्या गेलेल्या कथेतही हा दोष शिरतो.

विखारी कथा आणि त्या कुठे बिघडतात

साबुरोउता यांची ‘सिट्रस’ (२०१२–२०१८, १० खंड) आणि नाओको कोदामा यांची ‘नेत्सुझो ट्रॅप’ (२०१४–२०१७, ६ खंड) ही ठळक उदाहरणे. पहिलीत आईच्या पुनर्विवाहामुळे युझु आणि मेइ सावत्र बहिणी होतात आणि मेइची जबरदस्ती हा कथेचा प्रारंभबिंदू ठरतो. दुसरीत युमा आणि होतारू या बालमैत्रिणींपैकी प्रत्येकीला प्रियकर आहे. होतारू युमाला गुपितात ओढत राहते आणि होतारूचा प्रियकर होतारूला मारतो.

विखारी नाते दाखवणे हा दोष नाही. पहिल्या प्रेमातला मत्सर, चिकटून राहण्याची ओढ, दुसरीच्या मैत्रिणी तोडण्याची इच्छा हे सारे खरे असते, आणि ते प्रामाणिकपणे मांडणाऱ्या कथेची त्या वयाच्या वाचकाला गरजही असते. बिघाड होतो तो काही ठरावीक ठिकाणी. जबरदस्तीने झालेल्या स्पर्शाची आठवण पुढे कथेतून पुसली जाते आणि तोच प्रेमाचा पहिला क्षण म्हणून साजरा होतो. मत्सर हा प्रेमाचा पुरावा धरला जातो. शेजारी एखादा क्रूर मुलगा उभा केला जातो, म्हणजे त्याच्या तुलनेत नायिकेचा छळ सौम्य वाटावा. ही पळवाट सर्वांत जास्त खटकते, कारण एकाच्या मारामुळे दुसरीची फसवणूक हलकी होत नाही. आणि थोरल्या मुलीच्या पदाचा, म्हणजे विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षपदाचा किंवा संघाच्या कर्णधारपदाचा दबाव निव्वळ रुबाब म्हणून रंगवला जातो.

‘सिट्रस’ पुढच्या खंडांत यातून बरीच सावरते. युझु रागावते, मागे हटते, मेइच्या एकटेपणाचे कारण शोधते, आणि हारुमीसारखी मैत्रीण तिला जमिनीवर ठेवते. अशा तिसऱ्या व्यक्तीची गरज या प्रकारात फार मोठी असते. ‘यागाते’त तो वाटा सायाका उचलते; स्वतः तोकोवर प्रेम करणारी, तरीही स्पष्ट बोलणारी. जिथे सगळी शाळा केवळ मागचा पडदा असते आणि दोघींना बोलायला दुसरे कुणीच नसते, तिथे कथा हमखास कुजते.

मिमान यांची ‘वाताशी नो युरी वा ओशिगोतो देसु!’ (२०१६ पासून) वेगळ्या बाजूने भिडते. तिच्यातल्या कॅफेत वाढपी मुली जुन्या कन्याशाळेतल्या ताई-बहिणींचा अभिनय करतात. ग्राहकांसमोर गोडवा आणि मागच्या खोलीत जुने वैर, अशी ही रचना ‘एस’च्या साऱ्या रिवाजांची उलटतपासणी करते.

मुदतीनंतर

‘एस’च्या काळात निरोप समारंभ म्हणजे शेवट होता. ताकाशिमा यांच्या मालेने तो मोडला. २०१० मध्ये ‘हिरारी’ या संग्रहमालिकेत सुरू झालेली यामादा आणि कासे यांची कथा ‘हिरारी’ बंद पडल्यावरही चालू राहिली आणि ‘यामादा तो कासे-सान’ या नावाने तोक्योतल्या महाविद्यालयीन जीवनात गेली. तिथे दोघी वेगवेगळ्या ठिकाणी शिकतात आणि भेटीच्या वेळा जुळवताना त्यांची ओढाताण होते. ‘यागाते’चे शेवटचे प्रकरणही नायिकांना महाविद्यालयीन वयात दाखवून संपते. या प्रकाराशी प्रथमच ओळख करून घेणाऱ्याने कासे-सानपासून सुरुवात करावी, मग ‘आओई हाना’ आणि ‘यागाते’ घ्यावी, आणि ‘सिट्रस’ त्यानंतर वाचावी. आधीच्या तिन्हींमध्ये नकार कसा हाताळला आहे हे पाहिलेले असले की ‘सिट्रस’मधले बरे-वाईट नेमके कळते.