संगमरवर वितळवून साच्यात ओतत नसत

बाकस या रोमन मद्यदेवतेच्या सतराव्या शतकातल्या बरोक (भरगच्च, नाट्यमय युरोपीय शैलीतल्या) अर्धपुतळ्याचा फोटो फिरतो आणि खाली ठरलेली ओळ असते: ‘एवढी बारीक द्राक्षं छिन्नीने कोरणं अशक्य, त्या काळी संगमरवर वितळवून साच्यात ओतत.’ फोटो बघून तसं वाटणं साहजिक आहे. कानावर रुळणाऱ्या बटा, पातळ पानं... हा दगड आहे हेच मुळी पटत नाही.

पण संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. उघड्या भट्टीत ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला तर तो वितळत नाही. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि हाती उरतो कळीचा चुना. चुन्याची भट्टी याच तत्त्वावर चालते. (रोममधले कित्येक प्राचीन पुतळे असेच भट्टीत जाऊन चुना झाले, हे दुर्दैव.)

मग ती नक्षी कशी व्हायची? गिरमिटाने. दोरीने फिरवायच्या गिरमिटाने ओळीत भोकं पाडायची, मधल्या भिंती छिन्नीने उडवायच्या, मग कानस आणि शेवटी घासकाम. फोटो मोठा करून बटांमधल्या खोल खाचा बघा. तळाशी अनेकदा गोल भोकांची रांग राहून गेलेली दिसते. दगडात राखाडी शीर असेल तर ती गालावरून थेट केसांत शिरते, नाकडोळ्यांची पर्वा न करता.

साच्यातले बाकसही असतात. दुकानातल्या त्या भेटवस्तू, संगमरवराची भुकटी आणि रेझिन (घट्ट होणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) यांच्या. त्यांच्या कानामागे कधीकधी साच्याची शिवण सापडते आणि हाताला दगडाचा गारवा लागत नाही.